चार नंबरची खुर्ची आणि चोविसावा नंबर

डेट्रॉइटला लागून असलेल्या एका गावात डायलिसिस केंद्रात मी चार्ज नर्स, म्हणजे पाळीची मुख्य नर्स आहे. मूळची मिरजेची. पेशंटची नावं सांगायची नसतात, म्हणून खुर्चीचे नंबर सांगते. तसंही आम्ही आपसात नंबरानंच बोलतो.

चार नंबरच्या खुर्चीवर मंगळवार-गुरुवार-शनिवारी साडेदहाच्या पाळीला एक बाई असतात. वय अडुसष्ट, आयुष्यभर शाळेची बस चालवली. साडेतीनच्या पाळीला त्याच खुर्चीवर एक आजोबा येतात. चौऱ्याहत्तर वर्षांचे, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त. आजोबांची व्हॅन त्यांना अडीचलाच आणून सोडते आणि बाईंचं मशीन पावणेतीनला बंद होतं. सुया काढल्यावर बाई दंडावर गॉज दाबून बाहेर बसतात. रक्त थांबायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात दोघांचं भांडण व्हायचं. विषय एकच, डेट्रॉइट लायन्स, म्हणजे इथला अमेरिकन फुटबॉलचा संघ.

२०२४ च्या एप्रिलमध्ये हे भांडण पार टिपेला गेलं, कारण त्या वर्षीचा ड्राफ्ट डेट्रॉइटमध्येच होता. आपल्याकडच्या आयपीएलच्या लिलावासारखं हे नसतं, इथे बोली लागत नाही. कॉलेजातून येणारे खेळाडू ३२ संघांनी सात फेऱ्यांत नंबराप्रमाणे उचलायचे. ज्याचा आधीचा मोसम वाईट गेला त्याचा नंबर आधी, जो पुढपर्यंत पोचला तो मागे. लायन्सचा नंबर वर्षानुवर्षं वर असायचा. २००८ साली तर ते १६ पैकी १६ सामने हरले होते. पण आदल्या मोसमात ते थेट कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगमधल्या अर्ध्या संघांच्या, अंतिम सामन्यापर्यंत गेले, म्हणून त्या वर्षी पहिल्या फेरीत पार २९ वा नंबर. आजोबा हे अभिमानानं सांगायचे. "आमच्या वाट्याला एकोणतिसावा नंबर! हे बघायला जगलो बघ."

प्रश्न एवढाच होता, की त्या नंबरावर घ्यायचं कुणाला?

आजोबांचं म्हणणं, बचावाच्या पहिल्या फळीतला दांडगा गडी घ्या. एका कडेला एडन हचिन्सन आहे, त्याच्यावर दोन-दोन जण सोडतात. दुसऱ्या कडेनं धावून जाणारा कुणी असला, तर समोरच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, तो टाकायला वेळच मिळणार नाही. बाईंना हे मुळीच पटत नव्हतं. त्यांना हवा होता कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या पास झेलणाऱ्याला कडेला अडवणारा. २८ जानेवारीचा सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धचा तो अंतिम सामना त्या विसरल्या नव्हत्या. मध्यंतराला २४-७ अशी आघाडी, आणि शेवटी ३४-३१ अशी हार. त्यात तो लांब पास आमच्या कॉर्नरबॅकच्या हेल्मेटवर आदळून उडाला, आणि त्यांच्या ब्रँडन आयुकनं पडता पडता झेलला. ५१ यार्ड! बाई ते हातानं करून दाखवायच्या, आणि मी ओरडायचे, "हात हलवू नका, रक्त येईल."

मला कॉर्नरबॅक म्हणजे काय ते याच बाईंनी समजावलं, पण कळलं मात्र वडिलांमुळे. वडील कबड्डी खेळायचे, डावा कोपरा सांभाळायचे. चढाईवाला आत आला की कोपऱ्यातल्याला पाय सरकवायलाही फुरसत नसते. एक पाऊल चुकलं की गुण गेला. बाकी सगळ्यांनी कितीही चांगलं धरलं तरी कोपरा कच्चा असला की समोरचा रोज तिथूनच येणार. त्यामुळे मी मनातून बाईंच्या बाजूची होते, पण चार्ज नर्सनं बाजू घ्यायची नसते.

वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, घ्यावा असं मात्र आजोबांच्या पिढीचं कुणी चुकूनही म्हणत नाही. २००३, २००४, २००५ अशी सलग तीन वर्षं लायन्सनी पहिल्या फेरीत रिसीव्हरच घेतले आणि संघ होता तिथेच राहिला. ती जखम इथे अजून ओली आहे.

ड्राफ्टच्या आधीच्या मंगळवारी आजोबांनी जाहीर केलं, "गुरुवारी मी अडीच तासच बसणार. नात मला डाउनटाउनला नेणार आहे. आठ वाजता सुरू होतं."

डायलिसिस चार तासांचं असतं. आजोबांचं ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, ८४ किलो. दोन दिवसांत ते जवळजवळ चार किलो पाणी साठवून येतात. ते चार तासांत काढायचं तर ताशी एक लिटर, आणि त्यांच्या वजनाला ताशी १.१ लिटरच्या वर जाऊ नये असा दंडक. अडीच तासांत काढायला गेलं तर दीड लिटरच्याही वर जातं, म्हणजे हृदयावर ताण. नाही काढलं तर ते पाणी शनिवारपर्यंत छातीत. मी कागदावर आकडे मांडून दाखवले. त्यांनी कागद बघितलाही नाही. "सही कुठे करायची ते सांग," म्हणाले. वेळेआधी उठणाऱ्याची सही घ्यायचा फॉर्म असतो, तो त्यांना ठाऊक होता.

मला राग आला, आणि वाईटही वाटलं. १९५७ मध्ये लायन्स शेवटचे विजेते झाले तेव्हा हा माणूस सात वर्षांचा होता. त्यानंतर सुपर बोलचं, म्हणजे विजेतेपदाच्या सामन्याचं, तोंडही या संघानं पाहिलेलं नाही. अख्ख्या देशाचा ड्राफ्ट त्याच्या गावात आलेला, आणि मी त्याला आकडे दाखवत होते.

बाई बाहेर गॉज दाबून ऐकत होत्या. त्यांनी आतल्या बाजूला मान वळवली. "माझी साडेदहाची वेळ त्याला दे. मी साडेतीनला येते."

आजोबा गप्प.

"एका अटीवर," बाई म्हणाल्या. "तिथे गेल्यावर ओरडायचं ते कॉर्नरबॅकसाठी. तुझ्या त्या दांडग्यासाठी नाही."

दोघांच्या व्हॅनच्या वेळा बदलायला तीन फोन लागले. वेळापत्रकातली चार नंबरची दोन नावं मी स्वतः खालीवर केली.

गुरुवारी, २५ एप्रिलला आजोबा सव्वादहालाच हजर. अंगात लायन्सची होनोलुलू निळ्या रंगाची जर्सी. वजन ८७.९. फिस्टुलावर, म्हणजे सुया घालण्यासाठी हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीवर, बोटं ठेवली, थरथर नीट लागत होती. सुया घातल्या, मशीन सुरू केलं. सहा नंबरच्या खुर्चीवर एक तरुण मुलगा असतो, किडनीच्या यादीत आहे. त्याचं तिसरंच मत. "जागा बघून घेऊच नये. हाती लागेल तो सगळ्यांत चांगला खेळाडू उचलावा," असं तो म्हणायचा. आदल्या वर्षी लायन्सनी बाराव्या नंबरवर जाहमीर गिब्ज घेतला, तेव्हा रनिंग बॅकसाठी, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्यासाठी, कुणी इतका वरचा नंबर घालवतं का म्हणून सगळे हसले होते. मग तोच गिब्ज कसा धावला! आजोबा त्याच्यावर तुटून पडले. हचिन्सन, दुसरी कड, क्वार्टरबॅक, पुन्हा हचिन्सन. आमच्या टेक्निशियनही त्यात पडल्या. मी औषधं भरत होते आणि तो आवाज कानावर होता.

एक वाजून दहा मिनिटांनी आवाज थांबला.

तरुण मुलगा बोलतच होता, पण उत्तर येत नव्हतं. मी वळून बघितलं तर आजोबांनी जांभई दिली. मग लगेच दुसरी. डायलिसिसमधल्या कुठल्याही नर्सला विचारा, बडबड्या पेशंटची जांभई बघितली की हात आधी धावतो, विचार नंतर येतो. कपाळावर घाम, ओठ पांढरे. बीपी ८६ वर ४८. पाणी काढणं बंद केलं, खुर्ची मागे पाडून पाय वर घेतले, दोनशे मिली सलाईन आत सोडलं. "डोळे उघडे ठेवा, माझ्याकडे बघा. एकोणतिसाव्याला कोण?" त्यांचे ओठ हलले, शब्द आला नाही. पुढची सात-आठ मिनिटं मला फार मोठी गेली. वाटलं, नुसती वेळ बदलून भागलं नाही, या माणसाला गर्दीत पाठवायला निघालो ही आपलीच चूक झाली.

मग पायाला गोळे आले म्हणून ते कळवळले. मला तेवढ्यानं बरं वाटलं. शुद्धीवरचा माणूसच कळवळतो. बीपी ११२ वर आलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पाण्याच्या मागे लागू नका, राहील ते राहू द्या, पण वेळ पूर्ण करा. आजोबांनी पूर्ण चार तास काढले. उठताना वजन ड्राय वेटच्या सहाशे ग्रॅम वर होतं. बसून बीपी १२८, उभं राहून ११६. पाच मिनिटांनी परत बघितलं, तेवढंच.

"जाऊ ना?" त्यांनी विचारलं. मोठा माणूस, पण परवानगी मागणाऱ्या मुलासारखा उभा होता.

नातीला आत बोलावलं. घडीची खुर्ची आहे ना, दिवसभरात पाणी एवढंच, खारे दाणे आणि हॉट डॉग बिलकूल नाही, चक्कर आली की आडवं करायचं, असं सगळं दोनदा सांगितलं. जर्सीच्या बाहीखाली गॉजची पट्टी दिसत होती. ते गेले.

साडेतीनला बाई आल्या. सुया काढल्यावर त्यांचं रक्त त्या दिवशी थांबेना. पंचवीस मिनिटं मी बोटांनी दाबून बसले होते आणि खुर्चीच्या छोट्या टीव्हीवर ड्राफ्ट सुरू झाला. पडद्यावर नुसती डोकी. त्या एका रात्रीत पावणेतीन लाखांच्या वर माणसं जमली होती. बाई त्या गर्दीत निळी जर्सी शोधत होत्या. निळ्या तर हजारो होत्या.

पुढचं मी घरी बघितलं. पहिले चौदाही खेळाडू आक्रमणातले गेले, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. म्हणजे बचावातली चांगली पोरं खाली घसरत येत होती. आणि मग लायन्सनी डॅलसशी सौदा करून २९ वरून २४ वर उडी मारली. नाव जाहीर झालं टेरियन आर्नल्ड, अलाबामा, कॉर्नरबॅक. मी रात्री एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. शुक्रवारी दुसऱ्या फेरीत ६१ व्या नंबरला एनिस रेकस्ट्रॉ घेतला. तोही कॉर्नरबॅकच!

शनिवारी वेळा पूर्ववत. अडीचला आजोबा आले. वजन ८६.२. गुरुवारी सहाशे ग्रॅम ठेवून गेले होते, म्हणजे दोन दिवसांत जेमतेम दीड किलो साठवलं. मी वजनाचा आकडा दोनदा वाचला. घसा पार बसलेला होता.

बाई दंड दाबून बसल्या होत्या. "कशासाठी ओरडलास?"

"कॉर्नरबॅक," आजोबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "दोनदा. तुला दोन दिले."

बाईंनी मोकळा हात पुढे केला, त्यांनी तो धरला. तेवढ्यात टीव्हीवर चौथ्या फेरीतलं नाव आलं, जोव्हानी मानू, कॅनडातल्या विद्यापीठाचा, आक्रमणाच्या फळीतला. दोघांनी एकदमच मान वर केली.

"हा कोण?" बाई म्हणाल्या.

"आणि दुसऱ्या कडेला कोण?" आजोबा म्हणाले.

मी खुर्ची पुसून कोरडी केली आणि त्यांना आत बोलावलं. ते काही उठेनात.