ड्रायव्हिंगचा अनुभव: शून्य

तर शेवटी गाडी घेतली एकदाची! इकडे परदेशात येऊन पाच महिने झाले, तोवर बस आणि मित्राची कृपा यावर भागत होतं, पण दर शनिवारी सामानाच्या पिशव्या घेऊन त्याच्या गाडीत बसायचं म्हणजे नंतर नंतर लाजच वाटायला लागते.

मला वाटलेलं गाडी निवडणं अवघड जाईल, पण खरा झटका दिला इन्शुरन्सने. भारतात १२ वर्षं गाडी चालवली, एक क्लेम नाही, आणि फोनवरची बाई शांतपणे सांगते की तो अनुभव आम्ही धरत नाही. म्हणजे काल लायसन्स मिळालेल्या पोराच्या रांगेत मी! लोनचं पण तेच, इथली क्रेडिट हिस्ट्रीच नाही म्हटल्यावर व्याज असं काही सांगितलं की मुकाट सेकंडहँड आणि रोख ठरवलं. त्यामुळे एक कराच, गाडी आवडली की पैसे द्यायच्या आधी नेमक्या त्याच गाडीचा प्रीमियम विचारून घ्या.

पहिली गाडी जवळजवळ घेतलीच होती. चकाचक, चेक इंजिनचा दिवा बंद. मित्राने स्टिअरिंगखालच्या पोर्टला त्याचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या एरर वाचणारं यंत्र) लावला, एकही एरर नाही, मी खूश. तो म्हणाला थांब, गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्यातल्या बऱ्याचशा 'नॉट रेडी' दाखवतायत, म्हणजे एकतर कुणीतरी एरर नुकत्याच पुसल्यात नाहीतर बॅटरी काढली होती. मालक लगेच, हो हो, कालच नवीन बॅटरी टाकली! बॉनेट उघडलं तर बॅटरीवर बोटभर धूळ आणि टर्मिनलला पांढरा थर. निघालो तिथून.

दुसरीचे टायर दिसायला मस्त, पण कडेच्या कोडचे शेवटचे चार आकडे १४१५, म्हणजे टायर बनले २०१५ सालच्या १४ व्या आठवड्यात. इतके जुने नको.

तिसरी एका आजोबांची. रंग उडालेला, दाराला पोचा, पण प्रत्येक सर्व्हिसची पावती फाइलला लावलेली. काचेखालचा १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, कागदांशी जुळवला, मेकॅनिककडून एकदा वर उचलून बघून घेतली, आणि घेतली. (रंगाचं बायकोला अजून पटलेलं नाही.)

परवा पहिल्यांदाच मी मित्राला घरी सोडलं. सीटबेल्ट लावता लावता विचारतो, काय रे, अनुभव किती?

म्हटलं, नऊ दिवस.