माळ्यावरची पेटी शिकणाऱ्याच्या हाती जाण्याआधी

आजोबांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकणाऱ्याला द्यायची आहे, असा निरोप आला की आधी एक चाचणी करून बघायला सांगतो. पुढच्या हवा सोडणाऱ्या खुंट्या ओढा (सतत एकच सूर धरणाऱ्या नकोत) आणि एकही पट्टी न दाबता भाता मारा. चार-पाच झटक्यांत तो जड झाला पाहिजे. हलकाच चालत राहिला तर हवा गळते आहे. भात्याच्या घडीला उंदराने भोक पाडलं असेल किंवा चामडं तडकलं असेल, तर पातळ चामड्याचा तुकडा सरसाने चिकटवून भागतं. फेविकॉल टाळा, पुढच्या दुरुस्तीला तो सांधा सुटत नाही, फाटतो. पण ज्या फळीवर सूर, म्हणजे हवेने थरथरणारी जीभ असलेले पितळी तुकडे, बसवतात तीच तडकली असेल, तर हवा शेजारच्या सुरात शिरते आणि एका पट्टीला दोन सूर बोलतात. अशी पेटी कुणाला देऊ नये. तिचे सूर तेवढे काढून ठेवावेत. जुने पॅरिस किंवा जर्मन सूर भंगारात जाताना खरंच बघवत नाहीत.

मुका सूर बहुधा धुळीने अडलेला असतो. जिभेखालून पातळ कागद अलगद फिरवला की तो बोलतो. जीभ टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. अगदी थोडं घासा आणि दर वेळी सूर जागेवर बसवून ऐका, कारण बाहेर फुंकून जुळवलेला सूर आत गेल्यावर वेगळा लागतो. एखादाच सूर अचानक उतरला असेल तर बहुधा जिभेला चीर गेलेली असते. तो घासत बसू नका, बदला. दुहेरी सुरांच्या ३९ पट्ट्यांच्या पेटीत असे ७८ सूर असतात. आधी नर, म्हणजे मधल्या सप्तकाचा सूर जुळवायचा, मग दोन्ही एकत्र वाजताना ऐकू येणारी आवाजाची लाट थांबेपर्यंत खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकाचा सूर त्याला मिळवायचा. हे घाईचं काम नव्हे.

पावसाळ्यात पट्ट्या अडकतात, कारण लाकूड फुगतं. तेव्हा घासल्या तर उन्हाळ्यात खडखडतात. पेटी कोरड्या खोलीत ठेवा, उन्हात नको, आणि दिवाळीनंतर बघा.

शिकाऊ मुलाला स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सूर वरखाली करता येणारी पेटी, देऊ नये. ती जड असते, आणि आतली यंत्रणा बिघडली तर गावात दुरुस्त करणारा सहसा मिळत नाही. साधी तीन सप्तकांची पेटी उत्तम. पहिलं वर्ष वापरायला म्हणून द्यावी. शिकणं थांबलं तर परत मागायला संकोचू नये, न वाजणाऱ्या पेटीत पुन्हा धूळ आणि कसर शिरते.