लॅपटॉप बोलंना झाला तेव्हा

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर आवाज येईनासा झाला की आपल्यातले बरेचजण वैतागतात, गाणी मोबाइलवर ऐकतात आणि सवडीनं बघू म्हणून सोडून देतात. माझ्या मावसभावाला तसं सोडून देता येत नाही. तो जन्मापासून अंध आहे. त्याच्या कॉम्प्युटरवर ऑर्का हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, असतो आणि त्याला बोलायला ई-स्पीक एनजीचा आवाज. कोणती खिडकी उघडली, कर्सर कुठल्या ओळीवर आहे, आत्ता कोणतं अक्षर टाइप झालं, हे सगळं त्याला कानानं कळतं. आवाज बंद पडला तर त्याच्यापुढे नुसता कीबोर्ड उरतो. आणि बिघाड शोधायची जी साधनं आहेत, तीही त्याला आवाजातूनच वापरायची असतात.

तो मिरजेत राहतो, कॉलेजला सांगलीत येतो. मी सांगलीतच विश्रामबागेत राहतो आणि एका पतसंस्थेत कॉम्प्युटरची कामं बघतो. त्याचा घरचा जुना डेस्कटॉप वर्षानुवर्षं बिनतक्रार बोलत होता. वर्गात नेता यावा, तासाचं रेकॉर्डिंग करता यावं, म्हणून मावशीनं त्याला एक वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला. अकराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, आणि त्यावर चढवलेलं डेबियन ११, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. त्यानं घरी येऊन सुपर, ऑल्ट आणि एस या कळा एकत्र दाबल्या. ऑर्का याच कळांनी सुरू होतो. काहीच ऐकू आलं नाही. रात्री त्याचा फोन आला, "दादा, लॅपटॉप बोलंना झालाय. चालू आहे का बंद तेबी कळंना."

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. सेटिंगमध्ये आवाजाच्या पानावर एकच नाव होतं, डमी आउटपुट. लिनक्स वापरणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असतं. त्याचा अर्थ एवढाच की वरच्या थराला, म्हणजे प्रोग्रॅमांचा आवाज कार्डाकडे पोचवणाऱ्या पल्सऑडिओला, खाली एकही साउंड कार्ड सापडलेलं नाही. आवाज जाऊन पडायला काहीतरी जागा हवी म्हणून त्यानं एक पोकळ कार्ड उभं केलं आहे. इथं आवाजाची पट्टी शंभरावर नेऊन काही होत नाही. पल्सऑडिओ पुन्हा बसवूनही नाही.

लिनक्समधला आवाज थराथरानं वर येतो, हे डोक्यात पक्कं असलं की निम्मा त्रास वाचतो. सगळ्यात खाली यंत्र, त्यावर कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ड्रायव्हर, म्हणजे १९९८ पासून वाढत आलेली अल्सा ही व्यवस्था. तिच्यावर पल्सऑडिओ किंवा हल्लीचा पाइपवायर, आणि त्याच्यावर आपले प्रोग्रॅम. खालचा थर बोलल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही, असा माझा कामावरचा शिरस्ता आहे.

टर्मिनल उघडून साउंड कार्डांची यादी देणारी 'एप्ले -एल' ही आज्ञा दिली. उत्तर आलं, एकही साउंड कार्ड नाही. आतल्या यंत्रांची यादी देणाऱ्या 'एलएसपीसीआय' मध्ये मात्र इंटेलचा ऑडिओ कंट्रोलर ठळक दिसत होता आणि त्याच्याखाली दोन ड्रायव्हरांची नावं होती, जुना एचडीए-इंटेल आणि नवा सॉफ. म्हणजे यंत्र जागेवर होतं, त्याला चालवू शकणारे ड्रायव्हरही हजर होते, तरी कार्ड तयार होत नव्हतं. बिघाड या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी होता.

हे सगळं मी त्याला वाचून दाखवत होतो आणि ते मला पटत नव्हतं. लॅपटॉप त्याचा, लिनक्स माझ्यापेक्षा त्याच्या रोजच्या सवयीचं, आणि तो शेजारी बसून नुसतं ऐकतोय. तेवढ्यात आठवलं की ऑनलाइन मीटिंगसाठी आणलेला एक यूएसबी हेडसेट माझ्या बॅगेत आहे. यूएसबीच्या आवाजाच्या उपकरणांसाठी एक ठरलेलं प्रमाण आहे. ते पाळणारा कुठलाही हेडसेट कर्नलमधल्या एकाच ड्रायव्हरवर चालतो. वेगळं काही उतरवायला लागत नाही. लॅपटॉपच्या आतल्या कार्डाशी त्याचा संबंधही नसतो. हेडसेट लावला, ऑर्का बंद करून परत चालू केला.

"आलं! बोलतंय की," तो म्हणाला, आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

अंध व्यक्तीसाठी लिनक्सचं मशीन तयार करणाऱ्या प्रत्येकाला मला हे आवर्जून सांगायचंय. दप्तरात एक साधा यूएसबी हेडसेट किंवा यूएसबीचं छोटं साउंड कार्ड कायम असू द्या. काही शे रुपयांची वस्तू आहे. पण ती असली की आवाज दुरुस्त करण्याचं काम ती व्यक्ती स्वतः करू शकते.

पुढचं काम त्यानंच केलं. कर्नलचा बूट होतानाचा लॉग वाचायला त्यानं सुडोसकट 'डीमेसेज' दिलं आणि त्यातून फक्त सॉफच्या ओळी गाळून घेतल्या. डेबियनमध्ये हा लॉग साध्या युजरला दिसत नाही, म्हणून सुडो, म्हणजे अॅडमिनच्या अधिकारानं. ई-स्पीकचा आवाज तो इतक्या वेगानं लावतो की मला शब्दही सुटा पकडता येत नाही. त्यानं एका ओळीवर थांबून ती परत ऐकली, मग कळीनं एकेक शब्द पुढे जात मला मोठ्यानं सांगितली. सॉफ-टीजीएल नावाची फर्मवेअरची (यंत्राच्या आत भरायच्या प्रोग्रॅमची) फाइल चढवता आली नाही, चूक क्रमांक उणे दोन.

ते उणे दोन महत्त्वाचं. कर्नलच्या भाषेत त्याचा अर्थ, अशी फाइलच नाही. ड्रायव्हर बिघडलेला नाही, सेटिंग चुकलेलं नाही, कार्ड जळलेलं नाही. डिस्कवर एक फाइल नाही, बस.

जुन्या डेस्कटॉपवर हे कधीच का झालं नाही, असं त्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. २००४ साली आलेल्या इंटेलच्या एचडी ऑडिओ पद्धतीत कंट्रोलर थेट कोडेक चिपशी, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपशी, बोलतो, आणि एचडीए-इंटेल हा ड्रायव्हर एकटा ते काम निभावतो. अलीकडच्या लॅपटॉपांत स्क्रीनच्या वर दोन बारीक डिजिटल माइक असतात, आणि ते ऑडिओसाठी असलेल्या वेगळ्या प्रोसेसरला, म्हणजे डीएसपीला जोडलेले असतात. हा डीएसपी चालू करताना दर वेळी त्याच्यात प्रोग्रॅम भरावा लागतो. तो प्रोग्रॅम म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर, थोडक्यात सॉफ. २०१८ मध्ये जाहीर झालेला हा प्रकल्प आहे. सोर्स खुला असला तरी बऱ्याच मशीनांवर इंटेलची सही असलेली फाइलच चालते. अशा फाइलींचं पॅकेज डेबियन ११ मध्ये नॉन-फ्री विभागात, म्हणजे पूर्ण मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरच्या विभागात होतं, आणि नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये तो विभाग नव्हता. वायफायचीही तीच गत. त्याचंही फर्मवेअर त्याच विभागात, म्हणून लॅपटॉपला वायफायही सापडत नव्हतं.

इथं एक आडवाट होती. कर्नलला 'डीएसपी-ड्रायव्हर=१' असा पर्याय दिला की तो सॉफ सोडून जुना एचडीए ड्रायव्हर घेतो. स्पीकर आणि हेडफोन लगेच बोलू लागतात, फर्मवेअरची गरज लागत नाही. लोक हा उपाय सर्रास सुचवतात आणि फक्त ऐकायचं असेल तर तो वाईटही नाही. पण डिजिटल माइक डीएसपीच्या बाजूला असल्यामुळे ते अशा वेळी दिसतच नाहीत. मावसभावाला तास रेकॉर्ड करायचे होते. लॅपटॉप घेतलाच त्यासाठी. म्हणून ती वाट सोडली.

मोबाइल यूएसबीनं जोडून त्याचं नेट लॅपटॉपला दिलं. त्यानं नॅनो या एडिटरमध्ये सोर्सेस.लिस्ट, म्हणजे पॅकेजं कुठून घ्यायची त्याची फाइल, उघडली, ओळीच्या शेवटी कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री हे शब्द घातले, यादी ताजी केली आणि फर्मवेअर-सॉफ-साइन्ड हे पॅकेज घेतलं. त्याबरोबरच वायफायचंही. मग रीस्टार्ट. मधल्या वेळात बायकोनं चहा आणि भडंग आणलं होतं. लॉगिनच्या पडद्यावर ऑर्का स्पीकरमधून बोलला तेव्हा त्यानं वाटी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा हेडसेट काढून मला परत दिला. 'एप्ले -एल' मध्ये आता सॉफ-एचडीए-डीएसपी नावाचं कार्ड आलं होतं आणि त्याच्याखाली एचडीएमआयची तीन बाहेरची तोंडं.

माइकचं काम सोपं निघालं. पल्सऑडिओनं आत येणाऱ्या आवाजासाठी हेडफोनच्या जॅकवरचा माइक धरला होता, आणि जॅकमध्ये काही लावलेलंच नव्हतं. पाव्हूकंट्रोल या पल्सऑडिओच्या सेटिंगच्या खिडकीत जाऊन डिजिटल माइक निवडला. पातळी वाढवायला मी सवयीनं अल्सामिक्सर म्हणालो, तर तो म्हणाला, "नको दादा, त्यात ऑर्का नुसत्या रेघा वाचतोय." खरं आहे. अल्सामिक्सर म्हणजे अक्षरांनी काढलेलं चित्र. डोळ्यांना ते छान दिसतं, कानाला त्यातून काही कळत नाही. त्यानं साधा 'एमिक्सर' वापरला. त्यात नाव द्यायचं, आकडा द्यायचा, उत्तर एका ओळीत येतं. कार्डाला त्यानं क्रमांकानं हाक मारली नाही, नावानं मारली. यूएसबी हेडसेट आधी सापडला तर क्रमांक बदलतात, नाव बदलत नाही. ही त्याची पद्धत मी तेव्हापासून माझ्या कामातही घेतली.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असं मला वाटलं होतं. तसा आवाज येत होता, माइक चालत होता. पण दोन दिवसांनी त्यानं सांगितलं की लॅपटॉप अक्षरं खातोय. जलद टाइप केलं तर सगळं ऐकू येतं. विचार करायला थांबून मग एक कळ दाबली, तर ते अक्षर बोललंच जात नाही. वाक्य असेल तर पहिला शब्द अर्धा कापला जातो. त्यानं सांगितलेलं उदाहरण माझ्या चांगलं लक्षात आहे. फाइल काढून टाकू का, असं विचारणाऱ्या खिडकीत ऑर्का 'नको' म्हणाला आणि त्याला ऐकू आलं 'को'. पुढच्या बटणावर काय आहे ते कळायला त्याला परत मागे यावं लागायचं.

डोळस माणसाला हे जाणवतही नाही. गाण्याच्या सुरुवातीचा क्षणभर गेला तर कोण मोजतो? पण ज्याला एकेक अक्षर ऐकून लिहायचं आहे, त्याच्यासाठी एवढा वेळ म्हणजेच ते अक्षर. कारण शोधताना एक गोष्ट उपयोगी पडली. तो म्हणाला की थांबणं पाच-सहा सेकंदांहून कमी असेल तर काही होत नाही. पल्सऑडिओचं सस्पेंड-ऑन-आयडल नावाचं मॉड्यूल पाच सेकंद शांतता असली की कार्ड झोपवतं, वीज वाचावी म्हणून. पुढचा आवाज आला की कार्ड जागं होतं, पण जागं होईपर्यंत सुरुवात निघून गेलेली असते.

डिफॉल्ट.पीए या फाइलमध्ये त्या मॉड्यूलची एक ओळ असते. सिस्टीमची मूळ फाइल न बदलता तिची प्रत त्यानं आपल्या होम फोल्डरमधल्या कॉन्फिगमध्ये घेतली, ती ओळ पुढे हॅश घालून बंद केली आणि पल्सऑडिओ नव्यानं सुरू केलं. अपडेट आलं तरी आपली प्रत तशीच राहते. मी फोनवरच होतो. त्यानं मुद्दाम बराच वेळ थांबून एकच कळ दाबली आणि फोनमधून मला स्पष्ट ऐकू आलं, 'क'. बॅटरी थोडी जास्त जात असेल. ती किंमत त्याला चालते, आणि ती ठरवायचा हक्क त्याचाच आहे.

माझं ठाम मत आहे की हे झोपवणं स्क्रीन रीडर चालू असताना आपोआप बंद व्हायला हवं. अंध वापरणाऱ्यानं ते स्वतः शोधून काढावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. फर्मवेअरच्या बाबतीत डेबियनच्या मंडळींनी असाच विचार केला. २०२२ मध्ये मतदान घेऊन त्यांनी ठरवलं की अधिकृत इन्स्टॉलरमध्येच नॉन-फ्री फर्मवेअर घालायचं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते तसं मिळू लागलं.

डेबियन १२ आल्यावर त्यानं ते पुन्हा मुळापासून बसवलं, एकट्यानं, मिरजेच्या घरी. पेन ड्राइव्हवरून बूट झाल्यावर एस आणि एंटर दाबलं की डेबियनचा इन्स्टॉलर बोलू लागतो. एकाहून जास्त कार्डं असली तर प्रत्येकावर आळीपाळीनं बोलतो आणि ज्यावर ऐकू आलं तिथं एंटर दाबायला सांगतो. या वेळी तो लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवरच बोलला. नव्या आवृत्तीत पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आलं होतं, आणि अक्षरं खाणं परत सुरू झालं. आता ते सेटिंग पाइपवायरची व्यवस्था बघणाऱ्या वायरप्लंबरकडे असतं. सस्पेंडची मुदत सेकंदांत लिहायची, शून्य लिहिलं की झोपवणं बंद. हे त्यानंच शोधलं आणि मला नंतर कळवलं.

त्याच्या कॉलेजातल्या आणखी एका अंध मुलानं आता तसाच लॅपटॉप घेतलाय. त्याच्यासाठी या सगळ्या पायऱ्यांची साधी टेक्स्ट फाइल माझा मावसभाऊ मराठीत लिहितोय, आणि ती तपासायला परवा माझ्याकडे आली आहे. पहिलीच ओळ आहे, "आधी यूएसबी हेडसेट लाव, मग पुढचं वाच."