काटाच खोटा!

मालवण. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते, म्हणून आज तात्यांचं तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन) पाण्याच्या पिंपात उभं करून चालू केलं. टायमिंग लाइट (ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा) मारली, तर एक नंबर सिलिंडरची ठिणगी चार डिग्री पुढे, म्हणजे लवकर. मी लगेच टायमिंगच्या स्क्रूला हात घातला. तात्या खेकसले, "आधी काट्याक विचार, तो खरा बोलता काय!" काटा म्हणजे फ्लायव्हीलवरच्या (इंजिनाच्या जड चाकावरच्या) खुणा ज्याच्यासमोर वाचायच्या तो.

इंजिन बंद. प्लगच्या भोकात डायल गेज (पिस्टन किती वर आला ते मोजणारं घड्याळ) लावला, फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवलं. पिस्टन अगदी वरच्या टोकाला, आणि त्या टोकाची फ्लायव्हीलवरची खूण काट्यापासून चार डिग्री लांब! काटाच सरकलेला. तो बसवला, मग दोन-तीन नंबरही १२०-१२० डिग्रीवर तपासले. ठीक.

टायमिंग खरंच पुढे असलं की पिस्टनला भोक पडतं. आमचा तसला एक पिस्टन सध्या टेबलावर पेपरवेट आहे.