न मानवणाऱ्या पदार्थांची वही

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांचा आहार सांभाळणे, हे माझे काम. जठराचा बायपास, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया, होऊन चार महिने झालेल्या एक बाई तपासणीला आल्या, तेव्हा त्यांच्याकडे एक वही होती आणि तिच्यात न मानवलेले पदार्थ एकाखाली एक लिहून खोडलेले होते. अंडे, कोंबडी, मासे, कडधान्ये, भात, पाव, दूध. एकदा घास अडकला किंवा उलटी झाली, की त्या तो पदार्थ कायमचा बाद करत. उरली होती ती बिस्किटे, आइस्क्रीम आणि पातळ सूप. वजन भराभर उतरत असल्यामुळे घरचे समाधानी होते; पण केस गळत होते, जिना चढताना दम लागत होता आणि हिशेब मांडला तेव्हा पोटात जाणारी प्रथिने दिवसाला २५ ग्रॅमही भरेनात. या शस्त्रक्रियेनंतर निदान ६० ग्रॅम तरी लागतात.

अशा वेळी आहाराविषयी बोलण्याआधी एक शंका फेडून घ्यावी लागते. जठराची नवी पिशवी आतड्याला जिथे जोडलेली असते तो सांधा आकसला, तर आधी घट्ट अन्न उतरेनासे होते, मग मऊ आणि शेवटी पाणीसुद्धा. त्यावर दुर्बिणीतून फुगा घालून सांधा रुंद करणे हा नेहमीचा उपाय असतो. शिवाय वारंवार उलट्या होत राहिल्या, तर शरीरातला ब१ जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांतच संपतो आणि मज्जातंतूंना व मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून अहवालाची वाट न पाहता सर्जननी ब१ची इंजेक्शने सुरू केली आणि दुर्बिणीने तपासणी करवून घेतली. सांधा मोकळा होता.

त्यानंतरच्या भेटीत आम्ही ती वही घेऊन बसलो. प्रत्येक नोंदीपाशी मी एवढेच विचारत गेले, की तो पदार्थ कसा शिजवला होता, किती वेळात खाल्ला आणि सोबत काय प्यायले. अंडे सकाळी कडक उकडलेले, दुपारी कामाच्या जागी घाईघाईत खाल्लेले, आणि वरून पाणी. कोंबडी आदल्या दिवशीची, पुन्हा गरम केल्यामुळे कोरडी पडलेली. पाव ताजा आणि लुसलुशीत, म्हणजे ओला झाला की कणकेच्या गोळ्यासारखा चिकट होणारा. तोच कडक भाजला असता, तर चावताना त्याचा भुगा झाला असता. शस्त्रक्रियेच्या वेळी ही पिशवी साधारण ३० मिलिलिटरची ठेवतात. पुढे ती थोडी सैलावते. पण मूळच्या जठरासारखे अन्न घुसळण्याचे बळ तिच्यात नसते, त्यामुळे ते काम दातांनाच करावे लागते. म्हणूनच आम्ही जेवताना पाणी पिऊ देत नाही आणि जेवणानंतरही अर्धा तास थांबायला सांगतो.

मला खरा धक्का बसला तो मागच्या पानांवर. ‘छाती धडधडली, घाम आला, आडवे व्हावे लागले’ अशा नोंदी तिथे पुन्हा पुन्हा होत्या आणि त्यांपुढे त्यांनी ‘अशक्तपणा’ असे लिहिले होते. वेळा जुळवून पाहिल्या, तेव्हा बहुतेक प्रसंग आइस्क्रीम खाल्ल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत घडलेले निघाले. हे डंपिंग होते. साखर पिशवीत न थांबता थेट लहान आतड्यात उतरते, तिथे पाणी खेचून घेते आणि सगळे शरीर हादरते. घशाखाली सहज जाते म्हणून आइस्क्रीम यादीत टिकले होते आणि ज्याची नितांत गरज होती ते अंडे खोडले गेले होते. वर्ज्य पदार्थांची छापील यादी रुग्णाच्या हाती देण्याला माझा विरोध आहे तो यासाठीच, कारण पदार्थाचे नाव पाहून त्यातले काहीच कळत नाही.

त्याच दिवशी आमच्या प्रात्यक्षिकाच्या स्वयंपाकघरात मी एक अंडे फेटून, मंद आचेवर, ओलसर राहील असे शिजवले. लहान चमचा, प्रत्येक घास अगदी पातळ होईपर्यंत चावायचा आणि दोन घासांमध्ये चमचा खाली ठेवायचा. निम्मे संपताच त्यांना उचकी लागली. “एवढंच उरलंय, संपवते,” त्या म्हणाल्या. मी बशी बाजूला घेतली. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते, कुणाच्या नाकातून पाणी येते, तर कुणाला छातीच्या हाडामागे दाटून येते. पिशवी भरल्याची खूण प्रत्येकाची वेगळी असते आणि ती ओळखल्यावरचा एक जादा घासच बहुधा उलटून पडतो. त्या दिवशी उलटी झाली नाही.

“मग उद्या कोंबडी करून बघू का?” त्यांनी उत्सुकतेने विचारले.

“उद्या नको. एका वेळी एकच नवा पदार्थ, आणि तो दोन-तीन दिवस नीट मानवला की पुढचा.”

पुढे रस्सा घालून शिजवलेला कोंबडीचा खिमा त्यांना चालू लागला, मासे तर सहज. दूध मात्र थोडेसे घेतले तरी पोट फुगून जुलाब होत. बायपासनंतर काहींना दुधातली साखर पचेनाशी होते, म्हणून त्याऐवजी दही ठेवले आणि ते मानवले. लाल मांस आणि भात अजून अडकतात. ते आता वहीत पेन्सिलीने लिहिलेले आहेत आणि त्यांच्यापुढे पुन्हा करून पाहण्याची तारीख घातलेली आहे.