राष्ट्रगीत न गाणारी मुलं

आज शिक्षकांच्या ग्रुपवर तोच वाद पुन्हा पेटला: 'राष्ट्रगीत न म्हणणाऱ्या मुलाला शाळेतून काढा.' अहो, 1986 सालीच सुप्रीम कोर्टाने यावर निकाल दिलाय! बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य.

'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथातली तीन भावंडं. राष्ट्रगीताला उभी राहायची, पण गायची नाहीत. स्तुती फक्त यहोवाची, म्हणजे देवाची, ही श्रद्धा. शाळेने त्यांना काढलं, कोर्टाने परत घ्यायला लावलं. बाकीचे बहुतेक ख्रिस्ती बिनदिक्कत गातात, म्हणून 'हे कुठलं नवीन?' हा प्रश्न त्यांच्याच धर्मबांधवांनाही पडतो. कोर्टाने तो विचारलाच नाही. श्रद्धा पटते का, हे नव्हे. ती मनापासून आहे का, एवढंच तपासलं. मला निकालातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

शाळेची बाजू पडली कुठे? गाण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता, होती फक्त शिक्षण खात्याची परिपत्रकं. राज्यघटनेतल्या कलम 19 (अभिव्यक्ती) आणि 25 (धर्मस्वातंत्र्य) चे हक्क नुसत्या परिपत्रकाने काढून घेता येत नाहीत. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणाऱ्या 1971 च्या कायद्यात गुन्हा आहे तो मुद्दाम गाणं थांबवण्याचा, गाणाऱ्यांच्या सभेत गोंधळ घालण्याचा. गप्प उभं राहण्याचा नाही.

तेव्हा मुख्याध्यापकांनी दोनच गोष्टी बघाव्यात: मूल आदराने उभं आहे का, आणि इतरांना अडवतंय का. मुद्दाम बसून राहणाऱ्याला मात्र हा निकाल आयता लागू होत नाही. ही मुलं उभी होती.