ठिपका परत येतो का? ट्रॅव्हल ट्रायपॉडची पीळ-चाचणी, नोंद चौथी

ट्रायपॉडला पीळ दिला की कॅमेऱ्यावरच्या लेसरचा भिंतीवरचा ठिपका वजन काढल्यावर मूळ जागी येतो का, हे या नोंदींत तपासतोय. मागच्या नोंदीतला निष्कर्ष मागे घ्यावा लागतोय. बॉलहेडचा (कॅमेरा धरणाऱ्या, गोळ्यावर फिरणाऱ्या भागाचा) पॅन लॉक, म्हणजे आडवं फिरणं रोखणारा खटका, घसरतो, हेड बदलायला हवं, असं तिथे ठामपणे लिहिलं होतं. हेड निर्दोष निघालं. खरा दोष त्याच्या एक वीत खाली, मधल्या कॉलमच्या (वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या) बुशिंगमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या प्लास्टिकच्या बाहीत होता. त्या लिखाणावर विसंबून कुणी नवं हेड घ्यायला निघालं असेल तर थांबा आणि आधी हे वाचा.

मांडणी जवळपास तीच आहे. १.३ किलोचा, पाच टप्प्यांचा, पाय उलटे दुमडणारा कार्बन ट्रायपॉड, डब्यावर भारक्षमता ८ किलो. वर मिररलेस बॉडी आणि ७०-२०० एफ/२.८ लेन्स, मिळून सव्वादोन किलो. लेन्सचा पाय आणि प्लेट (हेडच्या क्लॅम्पमध्ये बसणारी) यांच्यामध्ये ६० सेंमीची ॲल्युमिनियमची पट्टी आडवी धरलेली. आधी एकाच टोकाला दोरा बांधून ओढत होतो. त्यात कॅमेरा फिरतो तसाच बाजूलाही ढकलला जातो आणि दोन्ही हालचाली एकमेकींत मिसळतात. आता दोन्ही टोकांना दोरे आहेत, उलट दिशांना ओढणारे, कप्प्यांवरून खाली सोडलेले, प्रत्येकाला १०० ग्रॅम वजन. म्हणजे निव्वळ पीळ मिळतो, सुमारे ०.५९ न्यूटन-मीटर. हॉटशूवर (कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत) लेसर, ५ मीटरवर भिंतीला ग्राफ पेपर. पायांखाली रबरी मॅट हवीच, नाहीतर व्हिट्रिफाइड टाइल्सवर पायच सरकतात आणि भलत्याच गोष्टीची चाचणी होते.

भिंतीवरचा १ मिमी किरकोळ वाटतो, पण २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर २०० मिमी लेन्सने तो जवळजवळ ७ पिक्सेल होतो.

वैताग आणला तो आकड्यांच्या लहरीपणाने. एकाच मांडणीत एकदा ठिपका ५ मिमी सरकायचा आणि वजन काढताच मूळ रेषेवर यायचा. दुसऱ्या वेळी ३८ मिमी सरकायचा आणि वजन काढलं तरी ३३ मिमीवर अडून राहायचा. लगेच पुन्हा वजन लावावं तर पुन्हा शहाण्यासारखा ५ मिमी जाऊन परत. कॉलमची कॉलर (त्याला आवळणारी फिरती कडी) आणखी आवळली, पॅन लॉक आणखी आवळला, फरक शून्य. ३३ मिमी म्हणजे जवळपास ०.४ अंश, २०० मिमीवर सव्वादोनशे पिक्सेल. स्टॅकिंगसाठी (एकाच फ्रेमचे अनेक फोटो एकत्र करण्यासाठी) लावलेली फ्रेम यात हातची जाते.

उलगडा झाला तो वजन लावायची दिशा बदलल्यावर. आतापर्यंत पीळ नेहमी घड्याळाच्या दिशेनेच दिला जात होता. उलट दिशेने दिला आणि ठिपका ३३ अधिक ५ असा दणकून सरकला. परत त्याच दिशेने दिला तर फक्त ५. पुन्हा सुलट, की पुन्हा ३८. म्हणजे कुठेतरी ठरावीक मापाची फट होती आणि पहिल्या वजनातच ती एका बाजूला संपून जात होती. मांडणीला हात लागून फट उलट बाजूला गेली की चाचणी नापास, न लागल्यास पास. मागच्या तीनही नोंदींतले विसंगत आकडे यात चपखल बसतात.

म्हणून ठिपका कसा वागतो यावरून दोष ओळखायची पद्धत आता अशी ठरवली आहे. वजन काढल्यावर ठिपका पुरता परत आला, तर ती नळ्यांची लवचीकता. ती नकोशी असली तरी घसरण नव्हे. पहिल्यांदा सरकून अडकला, दुसऱ्यांदा नाही, आणि दिशा उलटवली की पुन्हा सरकला, तर कुठेतरी फट आहे. फक्त घड्याळाच्या उलट दिशेने आणि दर वेळी थोडा थोडा सरकत गेला, तर आटा सुटतोय. प्लेटचा स्क्रू किंवा हेडचा. वजन न बदलता आपोआप हळूहळू खाली उतरत राहिला, तर बॉल बसतोय. डब्यावरचा किलोंचा आकडा या चारांपैकी एकाबद्दलही काही सांगत नाही, कारण तो कसा काढायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

फट नेमकी कुठे, हे शोधायला वरून एकेक भाग काढत खाली आलो. प्लेट आणि क्लॅम्प यांच्यात कागदाची पट्टी धरून पाहिली. दोन्ही जबड्यांत, दोन्ही टोकांना कागद फाटला पण सुटला नाही, म्हणजे क्लॅम्प ठीक. हेड काढून पट्टी आणि लेसर थेट वरच्या चकतीवर आवळले, तरी ३३ मिमी तसेच. हेड सुटलं ते इथे. मग कॉलम काढून त्याच्या जागी आखूड कॉलम घातला, तरी तेच. उरलं फक्त बुशिंग.

खालचा हुक काढा, कॉलम उपसा, कॉलर पूर्ण सोडा. प्लास्टिकचं बुशिंग दोन अर्ध्या तुकड्यांत बाहेर येतं. प्रत्येक तुकड्याला बाहेरून एक छोटी खुंटी असते आणि ती ॲल्युमिनियमच्या घरातल्या (बुशिंग ज्यात बसतं त्या पोकळ भागातल्या) खाचेत बसते. बुशिंग फिरू नये एवढंच त्या खुंटीचं काम. कॉलर जितकी आवळाल तितकं बुशिंग कॉलमला घट्ट धरतं, पण ते स्वतः घरात फिरत असेल तर कॉलमला कवेत घेऊनच फिरणार. म्हणून तर आवळून उपयोग होत नव्हता. खुंटीच्या बाजूला फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पाती) घालून पाहिलं: ०.०८ मिमीचं पातं सहज जातं, ०.१० चं अडतं. मधोमधपासून खुंटी साधारण १४ मिमीवर आहे. त्या अंतरावर ०.०९ मिमीची फट म्हणजे ५ मीटरवर ३२ मिमी. हा हिशोब भिंतीवरच्या आकड्याशी जुळला तो क्षण या सगळ्या उपद्व्यापातला सर्वात गोड.

फट भरायचे दोन प्रयत्न फसले. प्लंबरची टेफ्लॉन टेप खुंटीला गुंडाळली. ती दाबाखाली पसरते, १४ मिमी घसरण उरली आणि चार-पाच वेळा पीळ दिल्यावर टेप बाहेर आली. मग ओएचपी शीटच्या (प्रोजेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिक शीटच्या) पट्ट्या खुंटीच्या दोन्ही बाजूंना लावल्या. शीट १०० मायक्रॉन, म्हणजे एका बाजूलाच ०.१ मिमी, त्यामुळे बुशिंग खाचेत बसेना आणि कॉलरचा आटा तिरका धरायला लागला. इथे जोर लावू नका. त्या बारीक आट्याचं ॲल्युमिनियम एकदा खरवडलं की सगळंच संपलं.

जमलं ते असं: दोन्ही खुंट्यांच्या एकाच बाजूला, एकाच दिशेच्या कडेला, त्याच ओएचपी शीटची ४ बाय १२ मिमीची एकेक पट्टी. खुंटीवर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरचे दोन हलके हात, जेणेकरून पट्टी बेताने घट्ट बसेल. चिकटवायला रबर ॲडहेसिव्हचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. इन्स्टंट ग्लू वापरू नका. तो पाघळून दोन तुकड्यांमधल्या चिरेत जातो आणि बुशिंग आकसायचंच थांबतं.

यानंतर घड्याळाच्या दिशेने घसरण शून्य. उलट दिशेने मात्र दर वेळी २-३ मिमी उरत होते. एकाच दिशेने, दर वेळी थोडे: म्हणजे आटा. चकतीखाली ग्रब स्क्रूसाठी (बिनडोक्याच्या स्क्रूसाठी) तीन भोकं आहेत, एम४ च्या आट्याची, आणि तिन्ही रिकामी. हेड नुसतं ३/८ इंची स्टडवर उभं होतं. वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर ते आवळतं आणि उलट फिरवल्यावर सुटतं, अगदी बोल्टवरच्या नटासारखं. एम४ बाय ६ चे तीन ग्रब स्क्रू आणि २ मिमीची ॲलन की एवढंच लागतं. आधी हेड हाताने पूर्ण आवळायचं, मग तिन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे. हेडचा तळ प्लास्टिकचा असेल तर नायलॉनच्या टोकाचे घ्या, धातूचे टोकदार स्क्रू तो कुरतडतात.

असलं सामान फोटोग्राफीच्या दुकानात शोधू नये. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ग्रब स्क्रू सुटे मिळतात. लेसर मॉड्युलसाठी पुण्याची तापकीर गल्ली बरी. एक जपायचं: स्टड मागताना ‘तीन सुताचा’ म्हटलं की बहुतेक वेळा बीएसडब्ल्यू (ब्रिटिश व्हिटवर्थ) आटा हातात येतो. इंचाला आटे १६ च, म्हणून तो आत जातो. पण आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि कॅमेऱ्याच्या सामानाचा ६०, त्यामुळे बसतो तो ढिला. घसरण मोजायच्या मांडणीत ढिला आटा नकोच. यूएनसी (६० अंशांचा अमेरिकी आटा) असं स्पष्ट सांगून घ्या.

आजचा आकडा: दोन्ही दिशांना प्रत्येकी १० वेळा, दर वेळी ५ मिमी जाऊन परत, उरलेली घसरण अर्ध्या मिमीच्या आत. म्हणजे पिळाला ताठरपणा साधारण ५९० न्यूटन-मीटर प्रति रेडियन. सर्वात बारीक टप्पा न उघडता हेच ४ मिमी होतं. पातळ नळीचा ताठरपणा व्यासाच्या घनाने घटतो. वरची नळी २५ मिमी आणि शेवटची १३ असेल तर भिंतीची जाडी तीच धरूनही शेवटची सातव्या हिश्शाइतकीच ताठ. गरज नसेल तर तो टप्पा उघडूच नका.

बाकीचं थोडक्यात. बॉल: कॅमेरा ४५ अंश खाली झुकवून लॉक केला आणि अर्धा तास ठेवला, पहिल्या दोन मिनिटांत ६ मिमी, नंतर जेमतेम १. लॉक केल्यावर दोन मिनिटं थांबून मगच फ्रेम पक्की करावी. बॉलला तेल-ग्रीस अजिबात नको, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं पुरे. पाय: प्रत्येक जोडावर चिकटपट्टीची खूण, हुकाला ५ लिटरचा भरलेला पाण्याचा कॅन, १० मिनिटं. एका पायाचा तिसरा जोड २ मिमी खचला. उघडला तर शिमवर (नळ्यांमधल्या पातळ पट्टीवर) किनाऱ्यावरची वाळू. गोड्या पाण्याने धुऊन पुरता वाळवल्यावर धरला. ग्रीस फक्त लॉकच्या आट्याला, शिमला आणि नळीला नाही. प्रत्यक्ष वापरात हुकाला पिशवी अधांतरी टांगण्यापेक्षा दोरीने जमिनीला टेकती बांधा. लोंबकळती पिशवी वाऱ्यात डुलते आणि सगळ्या ट्रायपॉडला डुलवते.

पुढे टेबल फॅनसमोर वाऱ्याची चाचणी करायची होती, पण हे लिहीत असताना एक सुधारणा सुचली आणि आता ती आधी. लेसर कॅमेऱ्यावर ठेवायचाच कशाला? हॉटशूवर छोटा आरसा आणि लेसर बाजूच्या टेबलावर पक्का. आरसा जेवढा फिरेल त्याच्या दुप्पट कोनात किरण फिरतो, म्हणजे त्याच खोलीत मोजमाप दुप्पट बारीक. शिवाय लेसरचं बटण दाबताना कॅमेऱ्याला धक्का बसत नाही. फट मध्येच उलट बाजूला जाण्याचं मोठं कारण बहुधा तेच होतं. साध्या आरशातून काचेच्या पुढच्या पृष्ठभागाचा एक फिकट ठिपकाही पडतो, त्यामुळे मोजायचा तो ठळक. किरण डोळ्यांच्या उंचीच्या खाली ठेवा.

फॅनही आता समोरून न लावता खालून तिरका लावायचा. कोकणकड्यावर वारा दरीतून वर येतो आणि लेन्स हूडला उचलतो, तिथे समोरून मारा करून काढलेले आकडे उपयोगाचे नाहीत. त्याआधी कॉलम शंभर वेळा वर-खाली करून दर दहा वेळांनी दोन्ही दिशांची घसरण नोंदवायची आहे. ओएचपीची पट्टी निसटली तर तिच्या जागी ०.१ मिमीची पितळी शिम, खुंटीवरून कोपऱ्यात वाकवून.